शेपटीचे पाय

ग्रिमलॉकच्या शेपटीचे पाय होतात आणि पायांचे हात. हे एक वाक्य ज्याला उमजलं, त्याला हे खेळणं उमजलं. ताठ उभा असलेला टायरॅनोसॉरस हातात घ्यायचा, शेपूट खाली ओढून दोन भागांत फाकवायची, मागचे दणकट पाय खांद्यांच्या बाजूला आणायचे, पंजे दुमडून आतल्या मुठी मोकळ्या करायच्या, डायनासोरचं डोकं पाठीमागे टाकायचं, की समोर रुंद छातीचा रोबो उभा. माझ्या हाताला आता हे इतकं सवयीचं झालंय की फोनवर बोलता बोलताही होऊन जातं. पण त्या सगळ्या क्रमात एकच काम करणारा सांधा शोधायला जाल तर सापडणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याची खरी पंचाईत तिथेच आहे.

मी मूळची टूलरूमची. भोसरीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन करण्यात उमेदीची वर्षं गेली. मिक्सरची झाकणं, स्विचच्या पेट्या, गाडीच्या डॅशबोर्डचे तुकडे. खेळण्यांशी गाठ पडली ती नोकरी सोडल्यावर. भाच्याच्या मित्रानं एक ट्रान्सफॉर्मर (रूप बदलणारा खेळण्यातला रोबो) आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, ‘‘मावशी, बघा ना जमतंय का.’’ त्याचं जमलं. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता चिंचवडच्या घरातली मागची खोली संग्राहकांच्या खेळण्यांनी भरलेली असते आणि निम्म्या लोकांची मी मावशीच आहे. उरलेले निम्मे मॅडम म्हणतात; ते सहसा पैशांची घासाघीस करणारे असतात.

माणसं गाड्या आणतात, विमानं आणतात. पण मला स्वतःला विचाराल तर ट्रान्सफॉर्मर्समध्ये गाडीचा रोबो करणं त्या मानानं सोपं. गाडी म्हणजे एक खोकं. खोक्याच्या आत काय दडवलंय ते दिसत नाही, आणि बाहेरचे पत्रे दुमडून पाठीवर टाकले की काम भागतं. प्राण्याचं तसं नसतं. प्राण्याला आधीच हात-पाय-मान-डोकं आहे, आणि रोबोलाही तेच सगळं हवं आहे, फक्त वेगळ्या जागी. एकाच सामानात दोन शरीरं बसवायची. गाडीच्या डिझाइनरला लपवण्याची सोय असते, डायनासोरच्या डिझाइनरला नसते. म्हणून ग्रिमलॉकसारखा जुना डायनोबॉट, म्हणजे डायनासोरचा होणारा रोबो, उलगडून पाहिला की कुणी कुठे काय तडजोड केली ते सरळ वाचता येतं.

वाचता येतं हे मी शब्दशः म्हणतेय. प्लास्टिकच्या भागाची आतली बाजू उजेडात धरली की इजेक्टर पिनांच्या गोल खुणा दिसतात; तिथून तो भाग मोल्डमधून ढकलून बाहेर काढला होता. कडेनं जाणारी बारीक रेघ म्हणजे पार्टिंग लाइन, मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात ती. गेट कुठे ठेवला, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक कुठून आत सोडलं, तेही कळतं. चांगला डिझाइनर गेट अशा जागी ठेवतो, जी दोन्ही रूपांत झाकली जाते. गाडीच्या डॅशबोर्डला दिसणारी बाजू एकच असते. इथे आज झाकलेली बाजू उद्या समोर येणार. ग्रिमलॉकच्या शेपटीचा आतला भाग म्हणजे रोबोच्या पायांची बाजू. त्यामुळे खुणा लपवायला जागा फारच थोडी उरते, आणि तरीही त्या लपवलेल्या आहेत. तो भाग पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसले होते. आमच्या टूलरूममधल्या मिस्त्रीदादांना तो दाखवायला हवा होता असं वाटलं. मोल्डला पॉलिश करताना ते कुणाशी बोलत नसत.

हे मोल्ड अमेरिकेसाठी बनलेच नव्हते. जपानच्या टाकारा कंपनीनं 1980 मध्ये डायाक्लोन नावाची खेळणी काढली होती. त्यात यंत्रं चालवणारे इवलेसे चालक असत, त्यांच्या पायांत लोहचुंबक. डायनासोर रोबो ही त्याच मालिकेतली पाच यंत्रं. 1984 मध्ये हॅस्ब्रोनं टाकाराची अशी तयार खेळणी घेऊन अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढली आणि पुढच्या वर्षी हे पाच डायनासोर आले : टायरॅनोसॉरसचा ग्रिमलॉक, ट्रायसेराटॉप्सचा स्लॅग, लांब मानेचा स्लज, पाठीवर पात्यांची रांग असलेला स्टेगोसॉरस स्नार्ल आणि उडणारा स्वूप. (स्वूप हा टेरॅनोडॉन, त्याला शास्त्रज्ञ डायनासोर म्हणत नाहीत. ग्राहकांपुढे हे बोलायचं नाही, हे मी शिकले.)

धंद्याच्या नजरेनं हा सौदा फार शहाणपणाचा होता. खेळण्याच्या खर्चात सगळ्यात जड जातो तो मोल्ड. एकेका भागाला कोअर, कॅव्हिटी, पोलादाची कापणी, ट्रायल, दुरुस्ती, पुन्हा ट्रायल. मोल्ड तयार मिळाला तर उरतो तो रंग, खोका आणि कथा. कथेची बाजू मार्व्हल कॉमिक्सनं सांभाळली. तिथल्या बॉब बुडियान्स्की या संपादकानं यातल्या पुष्कळ रोबोंना नावं दिली, स्वभाव दिले. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये व्हीलजॅक हा रोबो गुहेत सापडलेले सांगाडे बघून डायनोबॉट तयार करतो, आणि तिथला ग्रिमलॉक स्वतःला ‘मी ग्रिमलॉक’ म्हणत अर्धवट वाक्यांत बोलणारा धसमुसळा आहे. कॉमिकमधला ग्रिमलॉक बराच हुशार. माझ्याकडे येणाऱ्यांत यावरून कायमचे दोन तट आहेत आणि माझ्या चहाच्या खर्चाचं ते एक मुख्य कारण आहे.

पण कथा बदलली तरी मोल्ड तोच राहिला. म्हणून ग्रिमलॉकच्या आत चालकासाठी बसायची जागा अजून आहे. कथेत तो जिवंत, स्वतःच्या बुद्धीनं चालणारा. त्याला चालक कशाला? तरी ती जागा आहे, कारण ती भरून टाकायची तर पोलाद पुन्हा कापावं लागलं असतं आणि त्याला पैसे पडले असते. पुष्कळ ग्राहकांना ही जागा माहीतच नसते. मी दाखवली की मुलांसारखे बोट घालून बघतात.

दुसरी गंमत त्याच्या उभं राहण्याची. ग्रिमलॉक शेपूट टेकवून ताठ उभा राहतो, कांगारूसारखा. टायरॅनोसॉरस असा चालत नव्हता. पाठ आडवी, शेपूट हवेत, डोक्याच्या वजनाला शेपटीचा तोल, असं चित्र शास्त्रज्ञांनी खेळणं निघायच्या आधीच मांडायला सुरुवात केली होती. पण न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातला सांगाडा 1915 पासून ताठ उभा होता. 1990 च्या दशकात त्यांनी तो नव्यानं आडव्या चालीत जोडला. तोवर पुस्तकांत, सिनेमांत, खेळण्यांत सगळीकडे ताठ टायरॅनोसॉरस. खेळण्याच्या बाबतीत मला त्यात फक्त अज्ञान दिसत नाही. शेपटीचे पाय करायचे म्हटल्यावर शेपूट जाड आणि वजनदार होणार, ती हवेत तोलायची तर नितंबाच्या सांध्यावर ताण येणार. टेकवली की तिसरा पाय मिळाला. जुनी समजूत आणि यंत्राची सोय इथे एकमेकींच्या मदतीला धावून आल्या.

2009 मध्ये टाकारा टोमीनं मास्टरपीस मालिकेत एमपी-08 या क्रमांकाचा ग्रिमलॉक काढला. तोवर ज्युरासिक पार्क येऊन सोळा वर्षं झाली होती, शाळेतल्या पोरालासुद्धा आडवा टायरॅनोसॉरस ठाऊक होता. तरी त्यांनी तो ताठच ठेवला. संग्राहकाला टायरॅनोसॉरस नको होता, कार्टूनमधला ग्रिमलॉक हवा होता. 2014 च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात मात्र अंगभर काटे असलेला आडवा ग्रिमलॉक आला. माझ्याकडे त्याचं खेळणं क्वचितच येतं. आलं तरी आणणारा हळव्या आवाजात बोलत नाही.

आता दुरुस्तीचं. जुना ग्रिमलॉक येतो तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : ‘‘हात खाली पडतो.’’ आता रोबोचा हात म्हणजे डायनासोरचा पाय. हात लोंबला तर रोबो फक्त केविलवाणा दिसतो, पण तोच सांधा सैल असेल तर डायनासोर उभाच राहत नाही, तोंडावर आपटतो. घट्ट करावा, तर किती? डायनासोरचं वजन पेलेल इतका घट्ट केला आणि कुणी रोबो करताना जोर लावला, तर सांध्याभोवतीचं चाळीस वर्षांचं प्लास्टिक तडकू शकतं. त्यामुळे मी दोन्ही रूपांत तपासून मधलं माप धरते. टूलरूममध्ये याला आम्ही फिट म्हणत असू आणि ड्रॉइंगवर मायक्रॉनमध्ये लिहीत असू. इथे ड्रॉइंग नाही. अंगठ्याला कळतं तेवढंच.

सांध्यातल्या पिना काढणं हे यातलं सगळ्यात जिवावरचं काम. पोलादी पिन एका टोकाला गुळगुळीत असते आणि दुसऱ्या टोकाला तिच्यावर बारीक उभ्या रेषा असतात, प्लास्टिकमध्ये घट्ट बसण्यासाठी. ती ज्या बाजूनं आत गेली, त्याच बाजूनं बाहेर यायला हवी. म्हणजे गुळगुळीत टोकावर ठोकायचं. उलट ठोकली तर रेषांचं टोक अख्ख्या भोकातून खरवडत जातं आणि सांधा कायमचा गेला. दोन्ही टोकं बाहेरून सारखी दिसतात. भिंग लावून भोकाची कड बघायची. ज्या बाजूला प्लास्टिकवर दातांसारख्या खुणा, ते रेषांचं टोक. मग लाकडाच्या ठोकळ्यावर त्या बाजूला पोकळी ठेवून भाग मांडायचा आणि पितळी पंच हलक्या हातानं मारायचा. एक ठोका, थांबायचं, बघायचं. पिन हलली की कानाला कळतं, आवाज पोकळ होतो. हे करताना मी रेडिओ बंद ठेवते.

स्क्रूचंही एक आहे. जपानी खेळण्यांतले अधिकाचे स्क्रू आपल्याकडच्या साध्या फिलिप्स पेचकसाला दाद देत नाहीत. बसल्यासारखा वाटतो, पण टोक तळाला टेकत नाही आणि जोर लावला की वर उसळून खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो. जुन्या मोटरसायकली उघडणाऱ्या मेकॅनिकांना हे पाठ असतं. मला ते आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानंच दाखवलं.

सोनेरी भागांना मी शक्य तोवर हात लावत नाही. ते सोनं नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात सोनेरी धातूच नाही, हे सांगितलं की लोक चमकतात. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर प्लास्टिकवर बसवतात, म्हणजे झाली चांदी. तिच्यावर पिवळसर लॅकर, म्हणजे झालं सोनं. स्पिरिटचा बोळा फिरवला की लॅकर उतरतं आणि ग्रिमलॉकच्या अंगावर रुपेरी डाग पडतो. धूळ काढायला मऊ कुंचला आणि पुरेसा वेळ, एवढंच औषध. याहून वाईट गोष्ट काही वर्षांनंतरच्या खेळण्यांची, ज्यांत सोनेरी चमकीचं रंगद्रव्य थेट प्लास्टिकमध्येच घोळलेलं असे. ते प्लास्टिक ठिसूळ होत जातं आणि एके दिवशी नुसतं हाताळताना त्याचा भुगा होतो. तसं खेळणं कुणी आणलं तर मी पेटीचं झाकणही उघडत नाही.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या-राखाडी प्लास्टिकवर मात्र उपाय आहे. ब्यूटी पार्लरवाल्या वापरतात ते बारा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मधून मधून फिरवलं नाही तर पट्टे उमटतात. स्टिकर, धातू, सोनेरी भाग आधी काढून घ्यायचे. आणि ग्राहकाला आधीच सांगायचं की हा रंग टिकेलच असं नाही, पिवळेपणा परत येतो. आमच्या गच्चीवर पापडांच्या शेजारी हे वाळवण घातलेलं असतं. शेजारणीनं एकदा विचारलं, हे कोणत्या प्राण्याचं. मी सांगितलं. त्यावर तिनं पापड उचलून दुसरीकडे नेले.

एका जागेची मला विशेष माया आहे. 1985 पासूनच्या ट्रान्सफॉर्मर्सवर एक लहान काळपट चौकोन चिकटवलेला असे. बोटानं घासला की बोटाच्या उबेनं त्यात ऑटोबॉटचा किंवा डिसेप्टिकॉनचा, म्हणजे कथेतल्या दोन पक्षांपैकी एकाचा, चेहरा उमटायचा, गार झाला की पुन्हा काळा. खेळणं अस्सल असल्याचा तो पुरावा. आज बहुतेक चौकोन मेलेले असतात, कितीही घासा. पण एखादा जिवंत निघतो. डोंबिवलीचे एक गृहस्थ त्यांचा ग्रिमलॉक घेऊन आले होते. बँकेत अधिकारी, नीट इस्त्रीचा शर्ट. मस्कतच्या काकांनी तो त्यांना लहानपणी आणून दिला होता. मी चौकोनावर अंगठा दाबून धरला, लाल चेहरा हळूहळू वर आला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, हे याच्यात होतं?’’ आईनं तो खराब होईल म्हणून हाताळू दिला नव्हता. त्यांना घासायचं असतं हेच माहीत नव्हतं.

तर मुद्दा हा. हे खेळणं रूप बदलण्यासाठी केलं आहे, आणि ज्यांना ते सगळ्यात जास्त प्रिय आहे ते त्याला रूप बदलू देत नाहीत. सीलबंद खोक्याला उघडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भाव. परदेशात तर खेळणं तपासून, त्याला गुण देऊन, ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या संस्था आहेत. पेटी फोडली की गुण गेले. त्यातल्या व्यवहाराला मी नावं ठेवत नाही, गुंतवणूक म्हणून लोक काय काय ठेवतात. पण दुरुस्तीच्या टेबलावर मला दिसतं ते असं : वर्षानुवर्षं एकाच रूपात ठेवलेल्या खेळण्याचे सांधे पहिल्या वळणाला कुरकुरतात, जुनं वंगण डिंक झालेलं असतं, दाबून राहिलेली स्प्रिंग तशीच बसून गेलेली असते. कपाटातली पैठणी अधूनमधून काढून घडी मोडायची असते, नाही तर ती घडीवरच चिरते. तेच इथे. रोज खेळून झिजलेला ग्रिमलॉक मी पुष्कळदा उभा केला आहे. कधीच न हललेला पहिल्यांदा हलवताना मात्र मी खुर्ची जरा मागे घेते.

म्हणून माझा एक नियम आहे. काम झालेलं खेळणं मी ग्राहकाच्या समोर एकदा डायनासोरचा रोबो आणि रोबोचा डायनासोर करून दाखवते, मग ते त्याच्या हातात देते आणि त्याला करायला लावते. निम्मे जण घाबरतात. शेपटीपाशी येऊन थांबतात, माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. डोंबिवलीच्या साहेबांनी तर रुमाल काढून हात पुसले. झाल्यावर पुन्हा केलं, आणि मग मागायच्या आत पैसे दिले.

आता तर स्वतःच रूप बदलणारा ग्रिमलॉकसुद्धा निघाला आहे, आत मोटरी, तोंडानं हुकूम सोडला की शेपटीचे पाय आपोआप. यंत्र म्हणून ते कमालीचं आहे, त्यात वाद नाही. 1986 मध्ये ट्रिप्टिकॉन नावाचा राक्षसी डायनासोर बॅटरीवर चालायचा, तिथून इथवर मजल मारली. पण मला ते खेळणं वाटत नाही. ते बघायचं आहे, मग टीव्ही काय वाईट? शेपूट खाली ओढताना अडकते, मग किंचित वर उचलून फिरवली की सुटते, हे हाताला कळणं हीच यातली मजा आहे.

हरवलेले भाग करून देणं हा माझ्या कामाचा दुसरा हिस्सा, आणि कटकटीचाही. ग्रिमलॉकबरोबर तलवार आणि बंदूक येत असे. दोन्ही असलेला ग्रिमलॉक क्वचित बघायला मिळतो. कुणाकडून अस्सल तलवार उसनी मिळाली की व्हर्नियरनं माप घेते, सिलिकॉनचा साचा करते, रेझिन ओतते. रंग जुळवायला ओतण्यापेक्षा जास्त वेळ जातो. मुठीतलं भोक आणि तलवारीची मूठ यांचं जमलं पाहिजे, नाही तर तलवार हातात राहत नाही किंवा मूठच फाटते. आणि अशा प्रत्येक भागावर, धरल्यावर दिसणार नाही अशा ठिकाणी, मी एक बारीक खाच ठेवते. हा भाग चिंचवडचा, जपानचा नव्हे, एवढंच तिचं काम. विकताना पुढच्याला ती दाखवा, असंही सांगते.

मागे एक तरुण आला होता. खेळणी घेऊन विकण्याचा त्याचा व्यवसाय, बोलणं गोड. म्हणाला, ‘‘मावशी, एवढी सुंदर केलीत, खाच तेवढी नको. कुणाला कळणार आहे?’’ मी म्हटलं, ‘‘मला कळणार आहे ना.’’ त्यानं दुप्पट देऊ केले. मी त्याचा ग्रिमलॉक डायनासोर करून पिशवीत ठेवला आणि तलवार टेबलाच्या खणात. तो जिन्यापर्यंत गेला, परत आला, आणि खाचेसकट घेऊन गेला. पैसे ठरलेलेच दिले, वर म्हणाला, पुढच्या वेळी स्वूप आणतो, त्याचं बघा. मी म्हटलं, आण, पण पिना आधी कुणी उलट्या ठोकल्या असतील तर वेगळे पैसे पडतील.